हिलरीबाईंची टोपली आणि कुंपणावरचा मतदार: २०१६ चं एक प्रकरण

९ सप्टेंबर २०१६, शुक्रवारची रात्र, न्यूयॉर्क. वॉल स्ट्रीटवरच्या सिप्रियानी नावाच्या आलिशान हॉलमध्ये एलजीबीटी समर्थकांचा अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार हिलरी क्लिंटनसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम चाललाय, बार्ब्रा स्ट्रायसँड गाणार आहे, समोर सगळी आपलीच माणसं, टाळ्या वाजवायला तयारच बसलेली. आणि बाई बोलून जातात की ढोबळमानाने सांगायचं तर ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना मी 'बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स' म्हणते त्यात टाकता येईल, म्हणजे लाज वाटावी अशा लोकांची टोपली. वर यादी: वर्णद्वेषी, स्त्रीद्वेष्टे, समलैंगिकांचा द्वेष करणारे, परदेशी लोकांचा आणि मुसलमानांचा द्वेष करणारे, अजून काय हवं ते घाला. हॉलमध्ये हशा, टाळ्या. बरं हे ओघात जीभ घसरली असंही नव्हतं, कारण आदल्याच दिवशी इस्रायलच्या एका चॅनेलला मुलाखत देताना त्यांनी ट्रम्पच्या समर्थकांच्या दोन टोपल्या करण्याची हीच मांडणी केली होती (दुसरीबद्दल पुढे बघू), फक्त 'निम्मे' हा आकडा तेव्हा नव्हता.

अस्मितेचं राजकारण (म्हणजे जात, धर्म, वंश, लिंग अशा ओळखीवरून चालणारं), पॉलिटिकल करेक्टनेस (कुठल्याही गटाला लागेल असं बोलू नये हा दंडक) आणि अजून मन न ठरवलेला, कुंपणावरचा मतदार यावर आपल्याकडेही लोक हिरीरीने बोलतात, पण बहुतेक सगळं हवेत. म्हणून एकच वाक्य घेऊन नीट बघू म्हटलं, त्याने नक्की कोणाला काय झालं, आणि झालंच का. हे वाक्य निवडायचं कारण असं की कुंपणावरच्या मतदारांशी त्या काळात सतत बोलत असलेल्या, तेही हिलरींच्याच बाजूने काम करणाऱ्या एका व्यक्तीची साक्ष यावर उपलब्ध आहे. अशी साक्ष सहसा मिळत नाही.

ही व्यक्ती म्हणजे डायेन हेसन. बोस्टनच्या, मार्केट रिसर्चमधलं मोठं नाव. क्लिंटन कँपेनने त्यांना स्विंग स्टेट्समधल्या, म्हणजे कधी या तर कधी त्या पक्षाकडे झुकणाऱ्या राज्यांतल्या, अनिर्णित मतदारांचा माग ठेवायचं काम दिलं होतं, म्हणजे त्याच त्या लोकांशी महिनोनमहिने बोलायचं आणि मन कुठे झुकतंय ते टिपायचं. निकालानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी बोस्टन ग्लोबमध्ये लेख लिहिला. त्यात म्हणतात की मी माझ्या सगळ्या नोंदी परत वाचल्या आणि अनिर्णित लोक सर्वात जास्त संख्येने ट्रम्पकडे सरकले असा एक क्षण सापडला, तो एफबीआयचे प्रमुख कोमी यांचा नव्हता, हिलरींच्या खाजगी सर्व्हरवरच्या ईमेलचा नव्हता, लिबियात बेंगाझीला अमेरिकन कचेरीवर झालेल्या हल्ल्याचाही नव्हता. तो ९ सप्टेंबरचा वीकेंड होता, टोपलीचा.

ही साक्ष वाचून बरेच जण लगेच निष्कर्षावर उडी मारतात, की बघा, लोक पॉलिटिकल करेक्टनेसला कंटाळले होते, त्याचाच हा स्फोट. मला हे अर्धवट वाटतं. कंटाळले होते हे खरंच आहे, प्यू रिसर्चच्या २०१६ च्या सर्व्हेत ५९ टक्के अमेरिकन म्हणाले होते की हल्ली लोक दुसऱ्याच्या भाषेवरून फार पटकन दुखावतात, आणि ३९ टक्के म्हणाले की नाही, दुसऱ्याला लागू नये म्हणून बोलताना जास्त काळजी घ्यायला हवी. ट्रम्पनी ही नस वर्षभर आधीच पकडली होती. ६ ऑगस्ट २०१५, क्लीव्हलँडची पहिली डिबेट, फॉक्स न्यूजची मेगन केली विचारते की तुम्ही बायकांना लठ्ठ डुकरीण, कुत्री वगैरे म्हणालात त्याचं काय, आणि हे गृहस्थ आधी रोझी ओडोनेल या विनोदी अभिनेत्रीवर विनोद मारून हशा मिळवतात, मग सांगतात की या देशाचा मोठा प्रॉब्लेम पॉलिटिकली करेक्ट असणं हा आहे, माझ्याकडे त्यासाठी वेळ नाही. एका वाक्यात स्वतःच्या शिवराळपणाला त्यांनी तत्त्व करून टाकलं. हे कौशल्य मान्य करावंच लागेल, आवडो न आवडो.

पण नुसता कंटाळा ५९ टक्क्यांना होता आणि त्यातले कितीतरी जण शेवटी हिलरींनाच मत देऊन आले. त्यामुळे कंटाळा असणं आणि त्यावरून मत हलणं यात अंतर आहे, ते अंतर कशाने पार होतं हा खरा प्रश्न.

आता कुंपणावर बसलेला माणूस नक्की कसा असतो ते बघा. आपण समजतो की तो दोन्ही जाहीरनामे समोर ठेवून तोलतोय. तसं क्वचितच असतं. तो बहुतेक वेळा राजकारणात कमी रस असलेला, दोन्ही उमेदवारांवर वैतागलेला असतो. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये १८ टक्के मतदारांना दोघंही नापसंत होते, दर पाचातला जवळजवळ एक! आणि त्याच्या आजूबाजूला, मिशिगन विस्कॉन्सिन पेनसिल्व्हेनियाच्या गावांत, ट्रम्पचे समर्थक भरलेले असतात. शेजारी, मेव्हणा, कारखान्यातला शिफ्ट पार्टनर, चर्चमध्ये दर रविवारी भेटणारा म्हातारा. ज्या दिवशी हिलरी म्हणाल्या की त्यातले निम्मे लाज वाटावी असे, त्या दिवशी ते वाक्य ट्रम्पला लागलंच नाही, ते या माणसाच्या मेव्हण्याला लागलं. आता मेव्हणा बडबड्या आहे, दोन बियर पोटात गेल्या की मेक्सिकन लोकांबद्दल वाट्टेल ते बोलतो, हे याला पक्कं माहीत असतं, घरात त्यावरून भांडणंही झालेली असतात. पण घरच्या माणसाला आपण घरात झापणं वेगळं आणि बाहेरच्या श्रीमंत बाईने हॉलभर लोकांसमोर हसत हसत झापणं वेगळं, आपल्याकडे लग्नघरात असं झालं तर काय होतं ते कोणाला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, की कुंपणावरचा माणूस 'करेक्टनेस'वर चिडून हलत नाही, त्याच्या ओळखीच्या माणसांचा निवाडा परस्पर कोणीतरी करून टाकला की हलतो. त्याला दोनपैकी एक उमेदवार निवडायचा होता, आणि एका रात्रीत प्रश्न असा झाला की तू कोणत्या लोकांतला. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार असतं.

यातली सर्वात चुकचुक वाटावी अशी गोष्ट त्याच भाषणात पुढे आहे, जी फार कमी लोकांना माहीत आहे. हिलरी तिथेच थांबल्या नव्हत्या. त्यांनी दुसऱ्या टोपलीबद्दलही सांगितलं: यात असे लोक आहेत ज्यांना वाटतं सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, अर्थव्यवस्थेने सोडलं, आपलं काय होतंय याची कोणाला पडलेली नाही, ते बदलासाठी आसुसलेत, ट्रम्पचं सगळंच त्यांना पटतं असं नाही पण आपलं आयुष्य जरा वेगळं होईल अशी आशा वाटते, सकाळी उठून नोकरी गेलेली दिसू नये, पोरगं हेरॉइनपायी हातचं जाऊ नये. आणि या लोकांना आपण समजून घेतलं पाहिजे, असं त्या समोरच्या पैसेवाल्या समर्थकांनाच बजावत होत्या. म्हणजे मुद्दा सहानुभूतीचा होता! कुंपणावरच्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन त्या अख्ख्या निवडणुकीत दुसऱ्या कोणी केलं असेल की नाही शंकाच आहे. पण सुरुवातीलाच शिवी दिल्यावर पुढचं ऐकतो कोण. टीव्हीवर पहिल्या टोपलीची क्लिप चालली, दुसरीची नाही, आणि मी यात चॅनेलवाल्यांना फार दोष देणार नाही, क्लिप कुठली कापली जाणार हे तीस वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाला कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी हिलरींनी खुलासा काढला की 'निम्मे' म्हटलं ते चुकलं, त्याचा खेद आहे. म्हणजे आकड्याचा खेद, टोपलीचा नाही. याने काय साधलं मला कळत नाही, कारण निम्मे नाही तर किती, चाळीस टक्के? ज्याचा मेव्हणा त्यात गणला गेला त्याला टक्केवारीत काय रस. पुढे २०१७ मध्ये स्वतःच्या पुस्तकात त्यांनी कबूल केलं की ते वाक्य म्हणजे ट्रम्पला दिलेली राजकीय भेट ठरली.

भेट कशी वापरली ते बघण्यासारखं आहे. सोमवारी, १२ सप्टेंबरला, ट्रम्पची नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलला सभा होती. तिथे त्यांनी साध्या साध्या समर्थकांना स्टेजवर बोलावलं आणि विचारलं, हे दिसतात का तसे? शेतकरी, पोलीस, आया, निवृत्त सैनिक अशी त्यांची भाषणातली यादी तयारच होती. लगेच टीव्हीवर जाहिरात. 'आय ॲम अ डिप्लोरेबल' लिहिलेले टीशर्ट सभांना दिसायला लागले. आणि १६ तारखेला मायामीत तर कहर, 'ले मिझराब्ल' म्युझिकलचं पोस्टर 'ले डिप्लोरेबल्स' करून मोठ्या पडद्यावर लावलं आणि त्यातल्याच गाण्यावर ट्रम्पची एंट्री. एका आठवड्यात शिवीचा बिल्ला झाला. आपल्याला हा प्रकार नवा नाही, मणिशंकर अय्यर जानेवारी २०१४ मध्ये मोदींनी इथे येऊन चहा विकावा म्हणाले आणि महिन्याभरात 'चाय पे चर्चा' सुरू, 'चौकीदार चोर है' चं मार्च २०१९ मध्ये 'मैं भी चौकीदार' झालं. शिवी एकाला घातलेली असते, अंगावर घेणारे लाखो निघतात.

आता इथे थांबून जरा उलटतपासणी, कारण हेसनबाईंची साक्ष कितीही भारी असली तरी ती एका गटाशी झालेल्या गप्पांवर उभी आहे आणि निकाल लागून गेल्यावर लिहिलेली आहे.

पहिली अडचण तारखांची. शुक्रवारी टोपली, आणि रविवारी ११ सप्टेंबरला नाईन इलेव्हनच्या स्मृतिकार्यक्रमातून हिलरी अर्ध्यातच निघाल्या, गाडीत बसताना पाय लटपटले, त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, मग कळलं की दोन दिवसांपूर्वीच न्यूमोनियाचं निदान झालं होतं आणि सांगितलं नव्हतं. एकाच वीकेंडला दोन दणके. सोमवारी एखाद्याचं मन हिलरींवरून उडालेलं दिसलं तर ते टोपलीमुळे की तब्येतीमुळे की 'या बाई काहीतरी लपवतात' या जुन्याच संशयामुळे, हे त्या माणसालाही धड सांगता येणार नाही. हेसन सांगतात की बोलण्याचा सूर टोपलीवरून बदलला, मला ते पटतं, पण सिद्ध झालं असं म्हणणार नाही.

दुसरी अडचण, पोल्स. सप्टेंबरच्या मध्याला हिलरींची आघाडी घसरून अगदी निसटती राहिली होती हे बरोबर, पण २६ तारखेची पहिली डिबेट त्यांनी जिंकली, ७ ऑक्टोबरला ट्रम्पची ती बायकांबद्दलच्या अश्लील बढायांची ॲक्सेस हॉलिवूडची टेप बाहेर आली, आणि आघाडी परत चांगली वाढली. म्हणजे टोपलीने गेलेले बरेच जण परत आलेच होते की! मग २८ ऑक्टोबरला ईमेलचा तपास परत सुरू केल्याचं कोमीचं पत्र, आणि परत घसरण. शेवटच्या आठवड्यात मन ठरवणाऱ्यांचा कल बघा, विस्कॉन्सिनमध्ये अशा मतदारांपैकी साधारण ५९ टक्के ट्रम्पकडे आणि ३० टक्के हिलरींकडे गेले, आणि त्या राज्यात फरक होता २२,७४८ मतांचा. मिशिगनमध्ये १०,७०४, पेनसिल्व्हेनियात सुमारे ४४ हजार. देशभरात हिलरींना २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळूनही या तीन राज्यांतल्या ७८ हजारांनी निकाल फिरवला, कारण तिथे अध्यक्ष देशभरच्या बेरजेवर नाही, राज्यागणिक ठरतो. एवढ्या बारीक फरकात कुठलंही एक कारण बोट दाखवून 'हेच' म्हणता येतं, आणि कोणीही खोडू शकत नाही, गंमत तिथेच आहे. टोपली पण, कोमी पण, विस्कॉन्सिनला प्रायमरीनंतर (पक्षांतर्गत उमेदवार निवडीनंतर) एकदाही प्रचाराला न जाणं पण.

मला जे पटतं ते असं: सप्टेंबरात गेलेले आणि ऑक्टोबरात परत आलेले लोक पूर्वीसारखे परत आले नाहीत. टोपलीने जो सल राहिला तो ऑक्टोबरच्या शेवटी कामी आला, परत जायला आता कारण लागत नव्हतं, निमित्त पुरलं. हा माझा अंदाज आहे.

याला थोडा आधार देणारा एक प्रयोग आहे, तो इथे फार कोणी सांगत नाही. तेव्हा माँटाना विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ लुशियन कॉनवे आणि सहकारी यांचा, २०१७ मध्ये छापून आला. त्यांनी बहुतांशी मध्यममार्गी अमेरिकन लोक घेतले, म्हणजे आपल्या विषयातलेच. काहींना आधी 'बोलताना कोणाला दुखवू नये' या रूढ नियमांची आठवण होईल असं काही दिलं, बाकीच्यांना नाही, आणि मग पसंती विचारली. नियमांची आठवण करून दिलेल्यांमध्ये ट्रम्पचा पाठिंबा वाढलेला दिसला. एक प्रयोग म्हणजे वेदवाक्य नव्हे, पण दिशा लक्षात घ्या, नियम चुकीचे आहेत असं कोणीही त्यांना सांगितलं नव्हतं, नुसती आठवण पुरली.

आणि दुसऱ्या बाजूचं संशोधनही तितकंच वजनदार आहे. डायना मट्झ यांनी २०१८ मध्ये त्याच त्याच मतदारांची २०१२ आणि २०१६ ची उत्तरं ताडून दाखवलं की ट्रम्पकडे सरकणं हे खिशाच्या तंगीपेक्षा आपलं वर्चस्व, आपलं स्थान जातंय या भीतीशी जास्त जोडलेलं होतं. म्हणजे गोऱ्या, ख्रिश्चन, बहुसंख्याकाची अस्मिता. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे 'अस्मितेचं राजकारण' म्हटलं की फक्त अल्पसंख्याकांचं, बायकांचं, समलैंगिकांचं राजकारण डोळ्यापुढे येतं, आणि बहुसंख्याकाचं राजकारण मात्र नुसतं 'राजकारण' ठरतं. निकालानंतर दहा दिवसांत कोलंबियाचे प्राध्यापक मार्क लिला यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की उदारमतवाद्यांनी आता हे अस्मितेचं प्रकरण आवरतं घ्यावं, हिलरी एकेका गटाचं नाव घेऊन साद घालत होत्या, आणि तशी यादी वाचली की जो यादीत नाही त्याला ते जाणवतं. मुद्दा ठीक, पण मग मुसलमानांना देशात यायला बंदी घाला (७ डिसेंबर २०१५ चं ट्रम्पचं जाहीर निवेदन) हे काय होतं? आणि १५ ऑक्टोबर २०१६ ला न्यू जर्सीत एडिसनला, जिथे निम्मी गल्ली मराठी गुजराती ऐकू येते, रिपब्लिकन हिंदू कोअलिशनच्या कार्यक्रमात दिवे लावून 'मी हिंदूंचा मोठा चाहता' म्हणणं आणि पुढे 'अब की बार ट्रम्प सरकार' ची जाहिरात काढणं, हे तर अस्मितेचं राजकारण शुद्ध तुपातलं. बहुसंख्य भारतीय अमेरिकनांनी तरीही हिलरींनाच मत दिलं ते सोडा. फरक इतकाच की ट्रम्प गटाला नाव घेऊन गोंजारत होते, आणि हिलरींची क्लिप गाजली ती नाव घेऊन झोडपण्याची.

मॅकॉम्ब काउंटी, मिशिगन. डेट्रॉइटच्या शेजारी, गाड्यांचे कारखाने, गोरे कामगार. स्टॅन ग्रीनबर्ग या डेमोक्रॅट पोलस्टरने (मतचाचण्या घेणाऱ्याने) १९८५ मध्ये इथेच बसून 'रीगन डेमोक्रॅट', म्हणजे डेमोक्रॅट असून रिपब्लिकन रीगनना मत देणारा, काय असतो ते शोधलं होतं. या काउंटीने २००८ आणि २०१२ ला बराक ओबामाला निवडलं, २०१२ ला १६ हजारांच्या आसपास फरकाने, आणि २०१६ ला ट्रम्पना जवळजवळ ४८ हजारांची आघाडी दिली. दोनदा काळ्या माणसाला मत दिलेल्याला तुम्ही वर्णद्वेषी म्हणालात तर तो आधी चक्रावतो मग चिडतो, हे खरं. पण लागूनच वेन काउंटी आहे, बहुसंख्य काळ्या लोकांचं डेट्रॉइट त्यात येतं, तिथे हिलरींना ओबामांच्या २०१२ पेक्षा ७५ हजारांहून कमी मतं पडली. हा दुसरा कुंपणावरचा मतदार, ज्याच्याबद्दल टोपलीवाले लेख लिहिणारे बोलतच नाहीत, ज्याचा प्रश्न 'हिलरी की ट्रम्प' असा नसतोच, 'जाऊ की नको जाऊ' असा असतो. त्याला खूश करायला अस्मितेची भाषा लागते असं डेमोक्रॅट्सना वाटत होतं, आणि तो त्या भाषेनेही घराबाहेर पडला नाही. या एका गोष्टीवर माझ्या मते अजूनही नीट विचार झालेला नाही.

आणि शिवी देणारा नेहमी हरतोच असंही नाही. २७ ऑक्टोबर २०२४, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या ट्रम्प सभेत एका कॉमेडियनने प्वेर्तो रिकोला कचऱ्याचं तरंगतं बेट म्हटलं, सगळे म्हणाले आता लॅटिनो मतं गेली. दोनच दिवसांत बायडेन ट्रम्पच्या समर्थकांनाच कचरा म्हणाल्यासारखं काहीतरी बोलून बसले, मग व्हाइट हाउसने खुलासा केला की शब्दात एक ॲपॉस्ट्रॉफी आहे, ते एकाच समर्थकाच्या बोलण्याबद्दल होतं, आणि ३० तारखेला ट्रम्प विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे विमानतळावर भगभगीत नारिंगी जाकीट घालून कचऱ्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसले. लॅटिनो मतं २०२० पेक्षा ट्रम्पना जास्तच पडली. त्याच निवडणुकीत ट्रम्पची सर्वात गाजलेली जाहिरात कमला हॅरिसच्या २०१९ च्या एका मुलाखतीवर होती, तुरुंगातल्या ट्रान्सजेंडर कैद्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल, आणि शेवटची ओळ अशी की कमला 'दे, देम' वाल्यांच्या (स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' ऐवजी ही सर्वनामं वापरणाऱ्यांच्या) आहेत, ट्रम्प तुमचे आहेत. फुटबॉलच्या मॅचेसमध्ये धडाधड दाखवली. निकालानंतर ब्लूप्रिंट नावाच्या डेमोक्रॅट बाजूच्याच संस्थेने ट्रम्पकडे गेलेल्या स्विंग मतदारांना कारणं विचारली, तर वरच्या क्रमांकावर हेच, की हॅरिस मध्यमवर्गापेक्षा ट्रान्सजेंडर वगैरे सांस्कृतिक विषयांत जास्त गुंतल्यात. आता हॅरिसनी २०२४ च्या प्रचारात हा विषय जवळजवळ काढलाच नव्हता. त्यांच्या कँपेनने उत्तराच्या जाहिराती करून तपासूनही पाहिल्या, आणि शेवटी उत्तर न देता महागाई आणि गर्भपात यावरच बोलत राहायचं ठरवलं.